ध्वज, प्रतिज्ञा आणि स्नानसंस्काराचे वचन

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त पालक व धर्मशिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्युबिली हा उपकारस्मरणाचा काळ होय. ज्या मिशनऱ्यांनी, धर्मशिक्षकांनी व आपल्या वाडवडिलांनी वऱ्हाडच्या या मातीत श्रद्धेचे बी पेरले, त्यांचे गुण आज इतर वक्ते गातीलच. आम्हांकडे आलेला विषय मात्र, जे पुढील ज्युबिली साजरी करतील, त्यांच्यासंबंधी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत चर्चच्या आवारात मुलांचे जे शिबिर भरते, त्यात मुलांनी कोणत्या ध्वजास वंदन करावे आणि कोणती प्रतिज्ञा म्हणावी, हा तो विषय. प्रथमदर्शनी तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मुलाच्या तोंडून आपण जे वचन वदवितो त्याचे ओझे मुलाच्या अंतःकरणावर राहते, आणि ते वदविल्याची जबाबदारी आपल्यावर राहते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्या विदर्भात उन्हाळा दीर्घ असतो व शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आईबाप शेताच्या किंवा मजुरीच्या कामात गुंतलेले आणि मुले मोकळी, अशी आठ-दहा आठवड्यांची स्थिती असते. त्यांतील एक आठवडा मुले सकाळच्या थंड वेळी एकत्र जमतात, गीते शिकतात, पवित्र शास्त्रातील गोष्टी ऐकतात, चित्रे काढतात, खेळतात. ही गोष्ट सर्वथा इष्ट आहे. प्रश्न उद्भवतो तो सकाळच्या रांगेपाशी. अशा शिबिरांची जी इंग्रजी पुस्तके व कार्यक्रमपत्रिका अलीकडे मोबाइलवरून हातोहात फिरतात, त्यांपैकी पुष्कळांत असे सांगितलेले असते की, मुलांनी प्रथम देशाच्या ध्वजास, मग 'ख्रिस्ती ध्वजास' आणि शेवटी बायबलास वंदन करून प्रत्येकाची निराळी प्रतिज्ञा म्हणावी. हे आपण जसेच्या तसे उचलावे काय?

ही चाल कोठून आली ते प्रथम पाहू. उन्हाळी बायबलवर्गाचा उगम अमेरिकेतील प्रोटेस्टंट मंडळ्यांत आहे. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात हॉस नावाच्या एका बाईंनी, रस्त्यावर भटकणाऱ्या गरीब मुलांकरिता, जागा मिळेना म्हणून बीअर विकण्याचा एक हॉल भाड्याने घेऊन असा वर्ग चालविला. आणि १९०१ पासून बॉव्हिल नामक पाळकांनी त्यास चळवळीचे रूप दिले. ख्रिस्ती ध्वजाची कथा याहून मौजेची आहे. २६ सप्टेंबर १८९७ रोजी ब्रुकलिनच्या कोनी आयलंड येथील एका संडे-स्कुलात नेमलेला वक्ता आलाच नाही. तेव्हा तेथील अधीक्षक चार्ल्स ओव्हर्टन यांना आयत्या वेळी काहीतरी बोलणे भाग पडले. समोर अमेरिकेचा ध्वज पसरलेला होता. त्याकडे पाहून, ख्रिस्ती लोकांचाही एक ध्वज असावा, अशी कल्पना त्यांनी मांडली. पांढरे वस्त्र, कोपऱ्यात निळा चौकोन व त्यात तांबडा क्रूस, असे त्याचे रूप पुढे १९०७ साली प्रचारात आले, आणि १९०८ साली लिन हॅरल्ड हफ या मेथडिस्ट पाळकांनी त्याची प्रतिज्ञा रचिली. ती प्रतिज्ञा अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रतिज्ञेच्या साच्यावर बेतलेली आहे. आणि ती राष्ट्रीय प्रतिज्ञाही १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पाळकांनीच एका मुलांच्या नियतकालिकाकरिता लिहिली होती.

अमेरिकन मंडळ्यांचे कार्य आपल्या वाशीमास अपरिचित नाही. नाझरीन मंडळीचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ पासून येथील लोकांना ठाऊक आहे, आणि त्या बंधूंनी केलेल्या रुग्णसेवेबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. त्यांच्या उन्हाळी वर्गांतील उत्साह व शिस्त अवश्य घ्यावी. पण प्रत्येक वस्तू ज्या मातीत उगवते त्या मातीचा गुण घेऊन येते. तेव्हा ही प्रतिज्ञेची चाल आपल्या श्रीसभेच्या शिकवणीशी व आपल्या जिल्ह्याच्या परिस्थितीशी ताडून पाहणे आपले कर्तव्य आहे.

प्रतिज्ञा म्हणजे काय, याविषयी श्रीसभेने फार काटेकोर विचार केलेला आहे. देवाशी जाणूनबुजून व स्वेच्छेने केलेले वचन हा नवस किंवा व्रत होय. देवाच्या नावाची साक्ष काढून केलेले विधान ही शपथ होय. आणि मनुष्यामनुष्यांतील वचन हे साधे वचन होय. व्रत करणाऱ्यास पुरेशी समज असली पाहिजे, आणि गंभीर व अन्याय्य भीती घालून किंवा फसवून करविलेले व्रत निरर्थक ठरते, असे श्रीसभेचा धर्मकायदा सांगतो. शपथ तर सत्य, विवेक व न्याय या तिहींवाचून घेऊच नये, असा दंडक आहे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शपथांच्या सवयीविरुद्ध इशारा दिला आणि आपले होय हे होय व नाही हे नाही असावे असे शिकविले, हे आपण जाणतोच. याचा अर्थ असा की, वचन ही जपून वापरावयाची वस्तू आहे. जे मूल रोज सकाळी तीन-तीन प्रतिज्ञा पोपटाप्रमाणे म्हणते, त्यास शब्द हे पाळण्यासाठी नसून म्हणण्यासाठी असतात, असा धडा नकळत मिळतो. धर्मशिक्षणात याहून घातक धडा दुसरा कोणता?

आता राष्ट्रध्वजाविषयी बोलू. संत थॉमस अक्वायनस यांनी देशप्रेमास भक्तिभाव या सद्गुणात स्थान दिले आहे. देवाच्या खालोखाल आपण ज्यांचे ऋणी आहोत ते आईबाप व आपला देश, अशी त्यांची मांडणी आहे. तेव्हा तिरंग्यास मान देणे ही आपल्यावर कोणी लादलेली गोष्ट नसून चौथ्या आज्ञेचाच तो विस्तार होय. शिवाय हा ध्वज आपल्या प्रांतास आयता मिळालेला नाही. १९२३ साली नागपुरास झेंडा-सत्याग्रह झाला. स्वराज्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जाण्यास मनाई झाली, तेव्हा शेकडो स्वयंसेवक एकामागून एक तुरुंगात गेले. जमनालाल बजाज यांस कारावास झाला आणि पुढे वल्लभभाई पटेल यांनी धुरा वाहिली. आजचा तिरंगा घटनासमितीने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. आपल्या मुलांस त्याचे केवळ रंग नव्हेत, तर त्यापायी सोसलेल्या कष्टांचा हा इतिहासही कळावा.

शाळेत मुले जी राष्ट्रीय प्रतिज्ञा म्हणतात, ती १९६२ साली पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी विशाखापट्टणम येथे तेलुगूत लिहिली. आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभर शाळांतून म्हणण्याचे ठरले. येथे एक गोष्ट आपणांस गोड वाटेल. १८४६ साली फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी ज्या विशाखापट्टणमास उतरले, त्याच मिशनमधून १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत वेगळा झाला, आणि नागपुरातून १९५५ साली आपला अमरावती धर्मप्रांत निघाला. आपल्या श्रद्धेची वाट व आपल्या मुलांची प्रतिज्ञा, दोन्ही त्या एकाच सागरतीरावरून आपल्याकडे आली. त्या प्रतिज्ञेत देशबांधवांस आपले म्हणावे, वडीलधाऱ्यांस मान द्यावा, सर्वांशी सौजन्याने वागावे आणि देशबांधवांच्या कल्याणात आपले सुख मानावे, असा आशय आहे. यात ख्रिस्ती मनास अडेल असे काय आहे? उलट, शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेकडे जाणारी ती एक पायरीच आहे.

मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. आपण या जिल्ह्यात संख्येने थोडे आहोत. "हे लोक कोणाचे?" असा प्रश्न कधी उघड, कधी दबक्या आवाजात विचारला जातो, आणि मग शिबिराच्या दारी मोठा तिरंगा लावला म्हणजे लोकांची तोंडे बंद होतील, असा मोह होतो. हा मोह टाळावा. राष्ट्रध्वज हा आपल्या निष्ठेचा दाखला म्हणून दारावर टांगण्याची वस्तू नव्हे. जो मुलगा आईस आई म्हणतो तो शेजाऱ्यांस पटविण्याकरिता म्हणत नाही. तिरंगा लावावयाचा तर प्रेमाने व नियमाने लावावा, भीतीने लावू नये. कारण भीतीने केलेले वंदन मुलांच्या लगेच ध्यानी येते.

वचनाची मर्यादा कोठे, हेही मुलांस यथाकाल शिकविले पाहिजे. याबाबत श्रीसभेच्या इतिहासात एक ठळक उदाहरण आहे. १९३१ साली इटलीत मुसोलिनीने कॅथोलिक तरुणांच्या संस्था बरखास्त केल्या. लहान मुलांसही फॅसिस्ट संघटनांत शपथ घ्यावी लागे. नेत्याच्या आज्ञा वाद न घालता पाळीन आणि क्रांतीच्या कार्याकरिता प्रसंगी रक्तही सांडीन, असा तिचा भाव होता. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३१ च्या परिपत्रात, ही शपथ आहे त्या स्वरूपात धर्म्य नाही, असे निर्भयपणे सांगितले. आणि ज्यांना पोटासाठी ती घ्यावीच लागली होती, त्यांनी देवाचे व श्रीसभेचे नियम राखूनच ती आपल्याला बांधते, असे मनात व गरज पडल्यास उघडही धरावे, असा मार्ग दाखविला. लक्षात घ्या, पोपमहाराजांनी देशप्रेमास दोष दिला नाही. विचार न करता कोणाही मनुष्याची आज्ञा पाळण्याचे वचन लेकरांकडून घेणे, हे त्यांनी त्याज्य मानले.

आपल्या देशातील न्यायही याच दिशेने झालेला आहे. १९८५ साली केरळात 'यहोवाचे साक्षी' या पंथाच्या तीन भावंडांस, राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत पण गात नसत म्हणून, शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला की, आदराने उभे राहण्यात अपमान नाही, आणि सद्सद्विवेकाविरुद्ध गाण्याची सक्ती करता येत नाही. मुलांस परत शाळेत घ्यावे. त्या पंथाचे मत आपले मत नव्हे. आपण राष्ट्रगीत आनंदाने गातो. परंतु लहान मुलाच्या विवेकाची जी बूज या न्यायाने राखली, ती चर्चच्या आवारात आपण त्याहून कमी राखावी, हे शोभणारे नाही.

आता 'ख्रिस्ती ध्वज' व त्याची प्रतिज्ञा. आम्हांस ही गोष्ट आपल्या शिबिरांत नको वाटते, आणि त्याची कारणे सांगणे उचित आहे. झेंडे व पताका श्रीसभेस वर्ज्य नाहीत. मिरवणुकीत आपण त्या नेतोच, आणि सणाच्या दिवशी पोपमहाराजांचा पिवळा-पांढरा ध्वजही कित्येक ठिकाणी लावतात. परंतु तो ध्वज १९२९ पासून व्हॅटिकन या स्वतंत्र राज्याचाही आहे. त्यापुढे भारतीय मुलांनी प्रतिज्ञा करावी, हे कोणी सांगितलेले नाही. आणि आपल्या जिल्ह्याकडे पाहा. पोहरादेवीस आपले बंजारा बांधव सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा घेऊन येतात. आषाढीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या खांद्यावर भगवी पताका असते. दर्ग्यावर हिरवे निशाण फडकते. बौद्ध बांधवांच्या वस्तीत पंचशील ध्वज व निळा झेंडा असतो. याखेरीज राजकीय पक्षांचे झेंडे चौकाचौकांत आहेतच. अशा ठिकाणी आपण क्रूस कापडावर काढून काठीस लावला आणि मुलांकडून त्यास निष्ठा वाहविली, तर मुलाच्या मनात क्रूस हा त्या झेंड्यांपैकी एक, आपल्या गटाची खूण, होऊन बसेल. ज्याने सर्वांकरिता हात पसरले, त्याचा क्रूस ही एका गटाची निशाणी नव्हे. क्रूसास आपण वंदन करतो, चुंबन देतो, त्यापुढे गुडघे टेकतो. पण आपली निष्ठा त्यावर टांगलेल्या जिवंत प्रभूस आहे.

दुसरे कारण असे की, दोन ध्वज एका रांगेत लावून दोन प्रतिज्ञा पाठोपाठ म्हणविल्या, म्हणजे देव व देश हे दोन समान दर्जाचे धनी आहेत, अशी कल्पना मुलाच्या मनात रुजते. मग एके दिवशी ते विचारते, "यांत मोठा झेंडा कोणता?" हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो आपण रांग लावून निर्माण केलेला असतो. करावरून प्रभूस पेचात पकडू पाहणाऱ्यांस त्याने नाण्यावरील मुखवटा दाखवून जे उत्तर दिले, त्यात राजाचे व देवाचे देणे एका तराजूत घातलेले नाही. नाण्यावर राजाची प्रतिमा आहे. मनुष्यावर देवाची प्रतिमा आहे. म्हणून देशास आपण आपली सेवा देतो, आणि देवास आपणा स्वतःस देतो.

तिसरे व मुख्य कारण हे की, ख्रिस्ताशी करावयाचे वचन आपल्या मुलांपाशी आधीच आहे. स्नानसंस्काराच्या दिवशी आईबाप व धर्ममातापिता यांनी ते त्यांच्या वतीने दिले. सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा व त्याच्या खोट्या वैभवाचा आम्ही त्याग करतो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांजवर आमचा विश्वास आहे. हे ते वचन. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी पुनरुत्थानाच्या रात्रीच्या जागरणाचा प्राचीन विधी पुन्हा सुरू केला, तेव्हा सर्व भाविकांनी मेणबत्ती हाती धरून या वचनाची पुनरुक्ती करण्याची प्रथा त्यात घातली. या वचनाची घडण पाहा. ते पाठ म्हणावयाचे भाषण नाही. धर्मगुरू एकेक प्रश्न विचारतात, आणि प्रत्येकाने स्वतः उत्तर द्यावयाचे असते. विचारलेल्यास नाही म्हणण्याचीही मोकळीक असते. म्हणूनच त्याच्या होकारास किंमत येते. आरंभ त्यागाने होतो. खोटे बोलणे, दुबळ्यास छळणे, जातीचा तोरा मिरविणे, हे सोडल्यावाचून ख्रिस्ताचा जयजयकार करता येत नाही. आणि हे वचन कापडास नसून जिवंत देवास आहे. विसाव्या शतकात एका अमेरिकन पाळकाने रचलेल्या ओळींसाठी आपण हा प्राचीन ठेवा कोपऱ्यात का टाकावा?

यास्तव धर्मशिक्षकांस आमची नम्र सूचना अशी आहे. शिबिराच्या पहिल्या दिवशी तिरंगा फडकवावा, राष्ट्रगीत गावे, राष्ट्रीय प्रतिज्ञा म्हणावी, आणि त्या दिवशी तिच्यातील एकेका वाक्याचा अर्थ मुलांस सोप्या वऱ्हाडीत समजावून द्यावा. रोज म्हणविण्याची आवश्यकता नाही. शाळा ते काम करीतच आहे. ध्वजसंहितेचे नियम पाळावेत: केशरी पट्टा वर असावा, ध्वज चपळाईने चढवावा व सावकाश, आदराने उतरवावा, तो जमिनीस लागू नये, त्याच काठीवर दुसरा झेंडा नसावा, व्यासपीठावर लावल्यास तो वक्त्याच्या उजव्या हातास असावा, मेजावर आच्छादन किंवा तोरण म्हणून तो वापरू नये. कागदी झेंडे वाटल्यास ते संध्याकाळी मोजून परत घ्यावेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पायदळी दिसणार नाहीत. एवढे केले तरी मुले पुष्कळ शिकतील.

रोज सकाळी मात्र क्रूसाची खूण करून एक लहान प्रार्थना म्हणावी, आणि तीत देशाकरिता, पावसाकरिता, आजाऱ्यांकरिता व शेजाऱ्यांकरिता विनंती असावी. देशावरील प्रेम हे रोज प्रार्थनेत उतरले म्हणजे त्यास निराळ्या घोषणेची गरज राहत नाही. शेवटच्या दिवशी, शक्य झाल्यास आईबापांसमवेत, चर्चमध्ये स्नानकुंडापाशी जमून, धर्मगुरूंनी स्नानसंस्काराच्या वचनाचे प्रश्न विचारावेत. त्याआधी आठवडाभर एकेक प्रश्न समजावून दिलेला असावा. ज्या मुलास अद्याप समज आलेली नाही, त्याने पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करावी. तेवढे त्यास पुरे.

आपल्या शिबिरांत इतर धर्मांची मुलेही खेळावयास व गोष्टी ऐकावयास येतात. ती आपल्याकडे विश्वासाने धाडलेली आहेत. त्यांजकडून ख्रिस्ताविषयीचे कोणतेही वचन वदवू नये, आणि काय शिकविले जाते हे त्यांच्या आईबापांस आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. सरकारमान्य किंवा अनुदानित विद्यालयात धार्मिक शिक्षण पालकांच्या संमतीवाचून देऊ नये, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. आणि श्रद्धा ही कोणावरही लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जगास जाहीरपणे सांगितले. राष्ट्रीय प्रतिज्ञेच्या वेळी ती मुले आपल्या मुलांच्या खांद्यास खांदा लावून उभी राहोत. त्या रांगेत सर्व बांधवच आहेत.

पालकहो, शेवटी एक गोष्ट तुम्हांस. शिबिर आठवड्यात संपते. घर वर्षभर चालते. ज्या घरी बाप दिलेला शब्द पाळतो, मजुरीचा हिशेब खरा ठेवतो, मत विकत नाही आणि रविवारची मिस्सा चुकवीत नाही, त्या घरच्या मुलास देशाची व देवाची निष्ठा निराळी शिकवावी लागत नाही. ज्या घरी शब्दास किंमत नाही, तेथे दहा ध्वजांपुढे दहा प्रतिज्ञा म्हणविल्या तरी त्या वाऱ्यावर जातील. या ज्युबिली वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांच्या स्नानसंस्काराचा दिनांक वहीत पाहून घ्यावा, तो दिवस वाढदिवसाप्रमाणे घरी पाळावा, आणि त्या सायंकाळी एक मेणबत्ती लावून ते वचन सर्वांनी मिळून पुन्हा उच्चारावे. असे झाले तर पुढील ज्युबिलीस या व्यासपीठावर जे उभे राहतील, ते शब्दास जागणारे ख्रिस्ती व शब्दास जागणारे भारतीय असतील.

देवमाता मरिया, जिने आपला होकार एकदाच दिला व तो क्रूसाच्या पायथ्यापर्यंत पाळला, ती आपल्या लेकरांस आपल्या पदराखाली घेवो.

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.